संभाव्यता शिकवताना खेळ हवेत की नकोत?

समांतर:
माझं मत सरळ आहे. संभाव्यतेचा पहिला तास सूत्राने नव्हे, फाशांनी सुरू व्हावा. 'अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती' हे मुलं पाठ करतात, गणितंही सोडवतात. पण दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे प्रत्येक बेरजेची शक्यता १/११, असं म्हटलं की त्यातलेच कित्येक जण माना डोलावतात.

मी वर्गात शर्यत लावतो. १ ते १२ क्रमांकांच्या सोंगट्या. दोन फाशांची जी बेरीज येईल, ती सोंगटी एक घर पुढे. आधी प्रत्येकाने सोंगटी निवडायची आणि तीच का, ते वहीत लिहायचं. १ नंबर घेणारं कुणीतरी निघतंच. सोंगटी जागची हलत नाही, आणि थोड्या वेळाने तेच मूल ओरडतं, "सर, एक येणारच नाही!" अशक्य घटनेची व्याख्या मग फळ्यावर लिहायची तेवढी राहते.

काटकोन:
पटलं नाही. ३० फेकांत ७ ची अपेक्षा ५ वेळा, तर ६ आणि ८ ची प्रत्येकी ४ हून जरा जास्त. एवढ्याशा फरकात ८ नंबर सहज जिंकतो. मग मूल काय शिकून घरी जातं? '८ लकी आहे.' डोळ्यांनी पाहिलेलं नंतर फळ्यावरच्या गणिताने पुसलं जात नाही. त्यापेक्षा ३६ जोड्यांचा तक्ता करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

समांतर:
८ जिंकला तर उत्तमच, खरा तास तिथेच सुरू होतो. २० गटांच्या नोंदी एकत्र केल्या की ६०० फेका होतात: ७ ची अपेक्षा १००, ६ आणि ८ ची प्रत्येकी ८३ च्या आसपास. आता ७ बहुतेक वेळा पुढे दिसतो. आणि एक फासा लाल, एक पांढरा घ्या. लाल ३–पांढरा ४ आणि लाल ४–पांढरा ३ या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत, यावर मग वाद उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात गणितज्ञ जॉन केरिच डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवलं. पहिल्या १०० मध्ये छापा ४४ वेळा, एकूण ५,०६७ वेळा. टक्केवारी निम्म्याजवळ आली, पण निम्म्यापासूनचा फरक ६ वरून ६७ वर गेला! 'इतके काटे आले, आता छापा येऊन भरपाई होणार' असं मोठी माणसंही धरून चालतात. भरपाई होत नाही. वाढत्या फेकांपुढे फरक किरकोळ ठरतो. हे मुलांनी स्वतःच्या नोंदींत बघावं, एवढीच माझी धडपड आहे.

निळी शाई:
माझी हरकत वेगळी आहे. नाणं, फासा, पत्ते, सगळं समसंभाव्य, म्हणजे प्रत्येक निष्पत्तीची शक्यता सारखी. त्यामुळे मुलांना वाटतं की दोन शक्यता म्हणजे निम्मे-निम्मे. ड्रॉइंग पिन उडवायला द्या. टोक वर की आडवं? इथे तक्ता कामाचा नाही, उडवून नोंदच ठेवावी लागते. पाठ्यपुस्तकात हे सगळ्यात आधी हवं.

काटकोन:
पिनचं मान्य. पण मूळ अडचण मोजणीत आहे. दालाम्बेरसारख्या गणितज्ञाने १७५४ मध्ये लिहिलं, की दोन फेकांत निदान एकदा छापा येण्याची शक्यता २/३. पहिल्या फेकीत छापा आला की खेळ संपला, म्हणून प्रकार तीनच, असा त्याचा हिशोब. ते तीन प्रकार समसंभाव्य नाहीत. खरं उत्तर ३/४. खेळाची ओळख त्याला होतीच की!

निळी शाई:
ओळख होती, पण नाणं उडवून पाहिलं असतं तर? १०० जोड्यांत ६७ की ७५, हे लगेच कळलं असतं.

काटकोन:
आणि ७१ आले असते तर? दोघंही आपलंच खरं म्हणाले असते.

समांतर:
म्हणून वर्गाने मिळून १,२०० जोड्या. ८०० की ९००, यात गोंधळ होत नाही.

काटकोन:
सगळा वर्ग मिळून तेवढ्या फेका करत असेल तर माझी तक्रार फक्त वेळेची राहते. पण तक्ता त्याच तासाला झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशीपर्यंत मुलांच्या लक्षात फक्त कोण जिंकलं तेवढंच राहतं.