आजीच्या उखाण्यातला ‘लांब मानेचा पाव्हना’ कोण?

वावरवाली:
आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. दिवाळीच्या सुट्टीत आजीसोबत कापूस वेचायला जायचे. पात (वेचायची ओळ) लागली की आजी उखाणे घालायची. नाव घ्यायचे नव्हे, ओळखायचे. नियम एकच, ज्या फुलावर उखाणा ते फूल त्या दिवशी वावरात, धुऱ्यावर (बांधावर) नाहीतर पांदणीत (शेतवाटेत) दिसलंच पाहिजे. हरलं की आपल्या ओटीतला पसाभर कापूस तिच्या ओटीत. (कापूस किलोवर मोजला जायचा, म्हणजे माझे पैसे कमी आणि म्हातारीचे जास्त.)

‘पान काट्याचं, फूल सोन्याचं, मोडलं तं रगत हयदीचं’ हा मी लगेच सोडवला, काटेधोतरा. ‘एका पायावर उभी राह्यते, बोट कापलं की आठोते’ म्हणजे कंबरमोडी, तिचा पाला विळा लागल्यावर चोळायचो. पण हा एक तीस वर्षं झाली तरी सुटला नाही:

धुऱ्यावर चेंडू, कोनी खेये ना,
आंगभर सुया, फाटकं शिवे ना,
लांब मानेचा पाव्हना आला,
कचाकचा खाऊन गेला.

आजी आता नव्वदीच्या घरात आहे. परवा फोनवर विचारलं तर म्हणे, “अजून नाई सुटला वं पोट्टे?” आणि फोन ठेवून दिला. मदत करा.

पांदणवाला:
सराटा असणार. अनवाणी चालणाऱ्याला विचारा सुया काय असतात ते.

वावरवाली:
दादा, सराटा मीही म्हटला होता, पसाभर कापूस गेला. त्याचं फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, जमिनीला चिकटून. काटे फळाला. फुलाचा चेंडू कुठे होतो?

बांधीवरचा:
मी गोंदियाकडचा. लांब मान म्हटल्यावर आमच्या डोळ्यापुढे सारसच येतो, धानाच्या बांधीत जोडीनं फिरणारा. पण सारस काटे कचाकचा खाईल असं वाटत नाही. मी माघार घेतो.

काटेधोतऱ्यावरून एक सांगून ठेवतो. त्याचं बी अगदी मोहरीसारखं दिसतं. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली, लोकांच्या अंगाला सूज आली, माणसं दगावली. आजीच्या उखाण्यात बी नाही, ती ओळ जोडून टाका.

मोकळं वावर:
ताई, तुम्ही सगळे पक्षी शोधताय. मी लांब मान वाचली आणि मला आमच्या बापाचं वावर आठवलं.

पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटून वावरं मोकळी झाली की रबारी यायचे. मूळचे कच्छकडचे लोक, पण कित्येकांचं आयुष्य आपल्याच भागात फिरण्यात गेलेलं. मेंढ्या आमच्या वावरात बसवायच्या, रात्रभराच्या लेंड्या म्हणजे फुकटचं खत. फुकटचं म्हणजे तसं नाही, बाप त्यांना त्याबद्दल ज्वारी द्यायचा. आणि त्यांच्यासोबत सामान लादलेले उंट. बाजा, गोधड्या, कधी कधी वर बसलेलं लेकरूही.

तो उंट खाली उतरवला की थेट धुऱ्यावर. आमच्या बकऱ्या ज्याच्या वाटेला जात नव्हत्या तेच झाड तो खायचा. उटकटारी! काटेचेंडू म्हणतात तेही हेच. आमच्या पोरांना कमाल वाटायची की याचं तोंड फाटत कसं नाही. उंटाच्या गालाला आतून टणक दाणे असतात, काटे त्यावरून घसरतात, हे मला फार उशिरा कळलं.

आता चेंडू. एकदा विळ्यानं तो मधोमध चिरून बघा. एक फूल नाहीच ते. मधल्या गोळीवर इवली इवली पांढरी फुलं चहूबाजूंनी रोवलेली, आणि प्रत्येकाभोवती त्याचे स्वतःचे काटे. पानही टोकदार, खालून कापूस लावल्यासारखं पांढरं. राजस्थानच्या वाळवंटातही हे झाड होतं, तिथे त्याला उंटकटाराच म्हणतात. उंट रबाऱ्यांचे, गावात कोणाचाच नाही, मग नावात तो कुठून आला, याचं आम्हाला लहानपणी कोडंच होतं.

पांदणवाला:
हे बरोबर बसलं राजेहो. सराटा परत घेतो.

वावरवाली:
भाऊ, काय सांगू! आमच्या शिवारात रबारी यायचे हे मी साफ विसरले होते. आजी माझ्यापुढे उत्तर कचाकचा खाणारा उभा करून बसली होती आणि मी आकाशात पाहत होते.

आत्ताच फोन केला. म्हटलं, “आजी, उटकटारी. पाव्हना उंट.” दोन क्षण काही बोलली नाही. मग म्हणाली, “कोनाले इचारलं?” खरं सांगितलं. तर म्हणे, “मंग तो पसा त्या पोराचा. तुहा कापूस काई वापस नाई भेटत.”