एक्स-रे नॉर्मल, तरी डॅशहंडचे मागचे पाय लटपटतायत. डिस्कच असेल का?

लांबपाठ्याची_आई:
नमस्कार मंडळी, आमचा डॅशहंड कुत्रा पाच वर्षांचा आहे. परवापासून पाठीची कमान करून चालत होता, उचलायला गेलं की किंचाळायचा, पोट हाताला एकदम कडक लागत होतं म्हणून आधी पोटदुखीच वाटली. डॉक्टरांनी पाठ दाबून बघितली, एक्स-रे काढला, मणके ठीक दिसतायत म्हणाले आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं. इंजेक्शननंतर स्वारी एकदम खुशीत, लगेच सोफ्यावर उडी!! आज सकाळपासून मात्र मागचे पाय लटपटतायत, वळताना तोल जातो, चालतो अजून स्वतःचा स्वतः. घरात दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते एमआरआय करा, दुसरी म्हणते त्यासाठी भूल कशाला द्यायची. तोपर्यंत पाठीला मालिश करू का?

चारपाय:
मालिश अजिबात नको, आणि सोफा आजपासून बंद. दुखणं थांबलं की यांना वाटतं आपण बरे झालो आणि उड्या सुरू, तेवढ्यात मणक्यांमधली उरलीसुरली गादी, म्हणजे डिस्क, पण बाहेर येते. क्रेटमध्ये म्हणजे बंद पिंजऱ्यात ठेवा, उभं राहून वळता येईल एवढीच जागा, शी-शूला पट्टा लावून बाहेर न्यायचं आणि परत आत. कमीत कमी चार आठवडे. रडेल, डोळे मोठे करून बघेल, विरघळायचं नाही. उचलताना एक हात छातीखाली एक मागच्या बाजूला, पाठ आडवी सरळ राहिली पाहिजे.

गुरांचा_नाही_कुत्र्यांचा_डॉक्टर:
तुमचा कुत्रा मी बघितलेला नाही, त्यामुळे हे फक्त समजण्यापुरतं. एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू आणि मऊ डिस्क दिसत नाही. दोन मणक्यांमधली फट कमी झालेली किंवा चुना जमलेली डिस्क दिसली तर अंदाज येतो, पण नॉर्मल एक्स-रे म्हणजे डिस्क नॉर्मल असं नाही. तो काढायचा मुख्यतः फ्रॅक्चर, मणक्याचं इन्फेक्शन, हाडाचा ट्यूमर यासाठी. डॅशहंड, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज, बीगल यांच्यात डिस्कचा आतला जेलीसारखा भाग लहान वयातच कडक होतो आणि मग एक दिवस फुटून थेट मज्जारज्जूवर आदळतो, बहुतेक वेळा छाती संपते आणि कंबर सुरू होते तिथे. मोठ्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत डिस्क हळूहळू फुगते, ते प्रकरण वेगळं.

आता घरी बघायचं काय? उभा असताना मागचा पंजा हलकेच उलटा करून ठेवा, म्हणजे वरची बाजू जमिनीला. तो लगेच सरळ करायला हवा. उशीर झाला किंवा तसाच ठेवला तर नसांवर दाब आहे. नुसतं दुखणं ही पहिली पायरी, लटपटत चालणं दुसरी, उभं न राहता पाय थोडे हलवणं तिसरी, पाय पूर्ण गेले पण खोलवर वेदना कळते ती चौथी, तीही कळत नाही ती पाचवी. तुमचा आत्ता दुसरीवर दिसतोय. ही वेदनेची तपासणी डॉक्टरांना करू द्या, कारण बोट चिमटल्यावर पाय आखडला तर लोक खूश होतात, पण तो नुसता रिफ्लेक्स असतो, आपोआप होणारा, पाय पूर्ण गेलेला असला तरी येतो. मान वळवून बघणं, ओरडणं, चावायला धावणं हे खरं. वेदना कळत असताना ऑपरेशन झालं तर दहातले साधारण नऊ चालायला लागतात, ती गेल्यावर निम्मेच. म्हणून पाय गेले तर उद्या नाही, त्याच दिवशी.

सिंगल_माल्टी:
आमच्या शिह त्झूचं विदाउट ऑपरेशन झालं हो, क्रेट आणि गोळ्यांवर. सगळ्यांना घाबरवू नका.

गुरांचा_नाही_कुत्र्यांचा_डॉक्टर:
घाबरवत नाहीये, पहिल्या-दुसऱ्या पायरीवरची बरीच अशीच बरी होतात, फक्त पुन्हा होण्याची शक्यता राहते. एमआरआय लगेच हवा तो बिघडत चाललाय, चालता येत नाही किंवा औषधाने दुखणं थांबत नाही तेव्हा, कारण नेमकी कुठली डिस्क, कुठल्या बाजूला हे कळल्याशिवाय सर्जन हात लावत नाही. सकाळी लटपट नव्याने सुरू झाली म्हणजे आज परत दाखवाच. आणि परवाच्या इंजेक्शनचं नाव विचारून लिहून ठेवा. ते स्टिरॉइड असेल आणि वर दुसरी पेनकिलर पडली तर पोटात अल्सर होऊ शकतो. माणसांची आयबुप्रोफेन तर चुकूनही नको.

लांबपाठ्याची_आई:
पंजा उलटा ठेवला, डावा लगेच सरळ केला, उजवा थोडा वेळ तसाच. दुपारी जातोय दाखवायला. शू मात्र झोपल्या जागी थोडी झाली, हे त्यातलंच का?

चारपाय:
हे डॉक्टरांना पहिलं सांगा!! पाय सुटले की कधी कधी ब्लॅडरवरचा कंट्रोल पण जातो, मग ब्लॅडर भरलेलं असतं आणि वरून थेंब थेंब गळतं, आपल्याला वाटतं करतोय की. तसं निघालं तर दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून काढायला लागते, क्लिनिकमध्येच शिकून घ्या, व्हिडिओ बघून करू नका. कधी नुसतं दुखण्यामुळे उठायचा कंटाळा केलेलाही असतो, ते तपासल्यावर कळेल. गाडीत मांडीवर नको, क्रेटमध्येच न्या.