मदत हवी आहे: आईचं पीटीएच वाढलंय

ऋतुजा:
आईचं पीटीएच नावाचं हार्मोन रक्तात 168 आलंय. डॉक्टर म्हणतात गळ्याचं ऑपरेशन करा. मोडलंय मनगट आणि ऑपरेशन गळ्याचं? डेक्सात (हाडांच्या घनतेच्या स्कॅनमध्ये) मणका-खुबा ठीक होता. सोमवारी परत बोलावलंय. कुणी केलंय का हे? लवकर सांगा प्लीज.

शलाका:
वय? रक्तातलं कॅल्शियम? व्हिटॅमिन डी किती? नुसत्या पीटीएचवरून काय सांगणार?

नाशिककर:
ताई, थायरॉइडला घाबरू नका. वहिनीला रोज उपाशीपोटी गोळी आहे, ठणठणीत आहे.

शलाका:
थायरॉइड नाही हो, पॅराथायरॉइड. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या. पीटीएच त्यांचंच हार्मोन.

मोहनकाका:
नाचणी, तीळ, सकाळचं ऊन. माझं डी 9 होतं, पीटीएचही चढलं होतं. डीचे सॅशे घेतले, उतरलं. कापाकापी नको.

ऋतुजा:
वय 61. कॅल्शियम 11.6, डी 24. मागे मूतखडाही झाला होता, त्याचा काही संबंध?

शलाका:
अगं, हे आधी सांगायचं ना! काका, तुमचं डी कमी म्हणून ग्रंथी जोर लावत होत्या. इथे कॅल्शियम चढलेलं असूनही ग्रंथी थांबत नाहीये. बहुतेक वेळा एकाच ग्रंथीत साधी गाठ असते, कॅन्सर नव्हे. ती हाडातलं कॅल्शियम रक्तात ओढते, जास्तीचं लघवीवाटे जातं, तिथे खडे होतात. हाडाचं बाहेरचं टणक कवच आधी पातळ होतं, म्हणून मणका बरा दिसला तरी मनगटाच्या वरच्या हाडाचा डेक्सा करायला सांग.

मोहनकाका:
मग दूध बंद करायचं?

शलाका:
मुळीच नाही. आहारातलं तोडलं तर ग्रंथी आणखी चेकाळते. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने नकोत.

गिरीश_ठाणे:
सासूबाईंचं झालंय. सेस्टामिबी स्कॅनमध्ये (ही ग्रंथी शोधायचा स्कॅन) गाठ डावीकडे खाली सापडली. ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडायला लागली. उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम खेचून घेतात, तेव्हा डिस्चार्जआधी गोळ्यांचं नीट विचारून घ्या. हाडांची घनता नंतर सुधारली. 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम बघितलंय का? एका आनुवंशिक प्रकारात ते कमी येतं, तिथे ऑपरेशनचा उपयोग नसतो. आणि लिथियम (मानसिक आजाराचं औषध) किंवा बीपीची लघवी होण्याची गोळी चालू आहे का? त्यांनीही कॅल्शियम चढू शकतं.

ऋतुजा:
बीपीची आहे एक, नाव बघते. लघवीची तपासणी कुणी सांगितलीच नाही!

नाशिककर:
24 तासांची लघवी जमवायला कॅन लॅबवाले देतात ताई. पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या सकाळची पहिली धरायची. वहिनीच्या वेळी उलटं झालं, सगळं परत करावं लागलं.