जुन्या लॅपटॉपवर अँड्रॉइड टाका म्हणे!

सुतळी: परवा इथे सल्ला वाचला, ‘जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, अँड्रॉइड-एक्स८६, म्हणजे फोनचं अँड्रॉइड कॉम्प्युटरवर चालवणारी सिस्टीम, टाका, अर्ध्या तासात नवा टॅब.’ टाकलं बुवा. २ जीबी रॅम, आईला भजनं आणि व्हॉट्सअ‍ॅपपुरतं. अख्खा रविवार गेला. झाकण मिटलं की लॅपटॉप जो झोपतो तो बॅटरी काढल्याशिवाय उठत नाही. अर्धी अ‍ॅप उभ्या फोनसाठी, ती उघडली की पडदाच आडवा होतो. आई मान वाकडी करून वाचत होती! वर मी टाकलेल्या अँड्रॉइड-एक्स८६ ९.० ची शेवटची आवृत्ती २०२० ची. सुरक्षेच्या नावाने शिमगा.

खटपट्या: सल्ला माझाच. ‘आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा’ हेही लिहिलं होतं, ते सोयीस्कर गाळलंत. माझ्याकडे ४ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आहे. लॉकडाऊनमध्ये पोराची शाळा त्याच्यावरच झाली.

सुतळी: एसएसडी विकत घ्यायची तर ‘फुकटात नवा टॅब’ कसला?

टर्मिनलराव: मोबाइलची सिस्टीम लॅपटॉपला कशाला? बरीच अ‍ॅप फोनमधल्या एआरएम चिपसाठी बांधलेली, इंटेलवर दुभाष्या मध्ये घालून चालतात, मग रखडणारच. बँकेची अ‍ॅप तर दारातूनच परत पाठवतात. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडा. मराठी टंकायला इनस्क्रिप्ट हा सरकारी कीबोर्डही आयता मिळतो.

रेमिंग्टनवाली: इनस्क्रिप्टचं कौतुक पुरे! मी रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर, मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा पास झाले, बोटं तिथेच बसलीत. ऑफिसात एक दिवस सगळे कीबोर्ड बदलले, विचारलं कुणी? आता घरी फोनेटिक वापरते, इंग्रजी अक्षरांत टंकलं की मराठी उमटतं, सुखी आहे.

टर्मिनलराव: फोनेटिकमध्ये ‘दुसऱ्या’ लिहून दाखवा. निम्मा महाराष्ट्र ‘दुसर्‍या’च्या जागी ‘दुसर्या’ लिहितो तो याच सुखापायी. इनस्क्रिप्टला शिफ्ट-जे, डी, मग य. संपलं.

रेमिंग्टनवाली: दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. आलं? मला शिकवू नका, तुमच्या जन्माआधीपासून टंकतेय.

खटपट्या: आणि मावशींनी घरी इंग्रजी अक्षरं ठोकत मराठी लिहायचं, हे बरं?

रेमिंग्टनवाली: मावशी कुणाला म्हणतोस रे?

सुतळी: अहो, धागा लॅपटॉपचा आहे!

खटपट्या: बरं, २ जीबीवर ९.० सुचवायला नको होतं. खूश? पण झाकण मिटल्यावर न उठणं हे तुमच्या मशीनचं नशीब.

सुतळी: उपकार झाले. काल पेनड्राइव्हवरून मिंट लावून बघितलं. हळू आहे, पण झाकण उघडलं की जागं होतं. टर्मिनलरावांनी लगेच फेटा बांधू नये, साउंड मीच तासभर शोधला. आई सरळ मानेने भजन ऐकतेय. आणि हो, ‘दुसऱ्या’ जमलं. शिफ्ट-जे.

रेमिंग्टनवाली: फितूर.