संस्थानी काळातली आज्ञापत्रिका कुठे बघायला मिळेल?

दांडिया बाजारवाला: आजोबांच्या जमिनीसाठी बडोदे संस्थानची जुनी ‘आज्ञापत्रिका’, म्हणजे संस्थानचं राजपत्र, हवीय. एका कचेरीत तीन खेपा झाल्या. कारकून बशीतला चहा फुंकत म्हणाला, “ऑनलाइन जोई लो, काका.” अहो, पण कुठे?

नातू: काका, ऑनलाइन आहे ते भारत सरकारचं राजपत्र. २०१५पासून ते छापतच नाहीत. संस्थानचं त्यात कसं सापडेल?

जुना वाचक: बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा. सयाजीरावांनी १९१०मध्ये काढलेली, काचेच्या तक्तपोशीची. वरून कुणी चाललं की सावली सरकते. नाहीतर तिथल्याच कोठी भागातलं अभिलेखागार. साल मात्र नक्की सांगा, नुसतं “आजोबांच्या वेळचं” चालत नाही!

दांडिया बाजारवाला: साल आत्याला विचारतो. तिला सगळं प्लेगाच्या आधी की नंतर, एवढंच आठवतं.