पांढरं निशाण खरं का? – ‘सप्टेंबर डॉन’बद्दल

मांजराकाठ:
मंडळी, एक विचारायचंय. काल शाळेत मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन उरकलं, पोरांना जिलेबी वाटली अन् दुपारी मोबाईलवर पिक्चर बघत पडलो. २००७ चा ‘सप्टेंबर डॉन’. साल १८५७, म्हणजे आपल्याकडं उठाव पेटलेला, अन् तिकडं अमेरिकेत आर्कान्सातून कॅलिफोर्नियाला निघालेला बैलगाड्यांचा तांडा युटात मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मारून टाकला. मधे एक प्रेमप्रकरण घुसडलंय, ते सोडा. पण पांढरं निशाण घेऊन जायचं, ‘हत्यारं द्या, सुखरूप पोचवतो’ म्हणायचं अन् वाटेत गोळ्या घालायच्या, हे खरंच घडलं का? अन् हुकूम त्यांचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याचा होता का? पिक्चरमध्ये सगळं खापर त्याच्यावरच फोडायलेत.

जुनी पानं:
गुरुजी, निशाण खरं आहे. जागा माउंटन मेडोज. ७ सप्टेंबरपासून वेढा होता, गाड्या गोल लावून लोक आत बसलेले. पाणी जवळच, पण आणायला गेलं की गोळी. ११ तारखेला आधी निशाण पुढं धाडलं, मग मॉर्मनांचा एक अधिकारी जॉन ली बोलणी करायला आत गेला. मग लहान लेकरं अन् जखमी पुढं गाड्यांत, मागं बायका नि मोठी मुलं, शेवटी पुरुष, प्रत्येकाच्या बाजूला एकेक बंदूकवाला. इशारा झाला अन् ज्यानं त्यानं आपल्या शेजारच्याला मारलं. साधारण १२० माणसं गेली. १७ लेकरं ठेवली, सगळी सहा-सात वर्षांच्या आतली. ती काय सांगणार, असा हिशोब. मॉर्मन घरांत वाटून दिली होती, १८५९ मध्ये सरकारनं गोळा करून आर्कान्साला परत नेली. शिक्षा एकट्या लीला झाली. १८७७ मध्ये त्याच माळावर नेऊन त्याला गोळ्या घातल्या.
हुकमाचं म्हणाल तर, ‘काय करायचं’ हे विचारायला जेम्स हॅस्लम नावाचा माणूस घोड्यावर सॉल्ट लेक सिटीला गेला होता. यंगनं कळवलं की तांड्याच्या वाटेला जाऊ नका. तो परतला १३ तारखेला.

तेरणेकाठचा:
म्हणून यंग धुतल्या तांदळासारखा होत नाही हं. अमेरिकेची फौज युटाकडं निघालेली, तेव्हा भडक प्रवचनं अन् ‘धान्य साठवा, प्रवाशांना विकू नका’ ही ताकीद वरूनच होती. नंतर सगळं पाय्यूट आदिवासींवर ढकललं.
पण पिक्चर मलाही पटला नाही. जॉन व्हॉइटचा तो बिशप कल्पनेतला आहे. असा डोळे वटारणारा एक राक्षस उभा केला की बंदूक धरलेले बाकीचे शेतकरी आपोआप सुटतात. शिवाय ती मॉर्मन माणसं पोळलेली होती. १८३८ मध्ये मिसूरीच्या गव्हर्नरनं त्यांना हाकला नाहीतर संपवा असा लेखी हुकूम काढला होता, अन् १८४४ मध्ये त्यांचा पंथ काढणारा जोसेफ स्मिथ तुरुंगात जमावानं मारला. पोळलेला माणूस काय करू शकतो, खरा पिक्चर तिथं होता.

मांजराकाठ:
धान्याचं वाचून आमचं पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, आठवलं. रझाकारांच्या वेळी घर सोडून निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडं कसं पळालो, हे आजी दर १७ सप्टेंबरला सांगायची. विचारा नका विचारू, सांगायचीच. पण पोलीस ॲक्शननंतर त्याच पेवात तिनं शेजारच्या मुसलमानाची दोन लेकरं चार दिवस लपवली, हे ती गेल्यावर अण्णांकडून कळलं. पेव उघडलं की लगेच उतरता येत नाही, आत वाफ कोंडलेली असते. तिनं आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडला, विझत नाही हे बघितलं, मग पोरं उतरवली.
म्हणलं, अण्णा, लपवली कुणापासून? तर म्हणले, ‘गावातल्याच कुणाकुणापासून.’ नावं नाही सांगितली.
दरवर्षी झेंडावंदनाचं भाषण माझ्याकडंच असतं. कालही बार्शीपर्यंत येऊन थांबलो.

जुनी पानं:
त्या दोघांचं पुढं काय झालं?

मांजराकाठ:
धाकटा हैदराबादला गेला. थोरला गावातच टेलर झाला. माझा पहिलीचा गणवेश त्यानंच शिवला होता, बटणं मात्र आजी घरी लावायची.