दोघांनाही एक्का आला तर क्रिटिकल कोणाचं धरायचं?

किलवरगुलाम:
फाशांऐवजी पत्त्यांवर चालणारा एक रोलप्लेइंग गेम लिहितोय. प्रत्येकाकडे स्वतःचा ५२ पत्त्यांचा कॅट, हल्ला करणारा एक पत्ता उघडतो, बचाव करणारा एक उघडतो, मोठा पत्ता जिंकतो, आणि एक्का आला की थेट क्रिटिकल म्हणजे समोर काहीही असो तुमचं काम होणारच. पण दोघांनीही एक्का उघडला तर? हल्लाही लागणार आणि बचावही होणार, हे एकदम कसं जमायचं? सध्या पुन्हा एकेक पत्ता ओढायला लावतो पण सगळा जोर निघून जातो हो, एक्के बघून सगळे ओरडतात आणि शेवटी निकाल लागतो पंजा विरुद्ध तिर्रीवर.

बदामसत्ती:
रंगावर ठरव ना. सॅव्हेज वर्ल्ड्स या रोलप्लेइंग गेममध्ये इनिशिएटिव्हला, म्हणजे कोणाची पाळी आधी ते ठरवताना, सारखे पत्ते आले की इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा क्रम लावतात. एका नजरेत निकाल.

कथेकरी:
इनिशिएटिव्हला ते चालतं कारण तिथे फक्त आधी कोण एवढंच ठरतं, कोणाचा पत्ता फुकट जात नाही. इथे बदामचा एक्का काढणाऱ्याला तू हरलास म्हणायचं? मला अजिबात पटत नाही. शिवाय प्रत्येकाचा कॅट वेगळा आहे, म्हणजे दोघांना एक्के आले की चारातून एकदा रंगसुद्धा तोच निघणार, मग परत अडलात. मी तर एक्क्याचं वचनच नीट लिहून घेईन. हल्ल्याचा एक्का म्हणजे समोरच्याचं काहीतरी कायमचं जाणार, बचावाचा एक्का म्हणजे मला जखम होणार नाही. मग दोन्ही खरं होतं, वार बसतो, ढाल दुभंगते, माणूस वाचतो. काय गेलं ते हल्लेखोराने सांगायचं, कसा वाचला ते बचाव करणाऱ्याने.

चौकटराणी:
+१. आणि हे किती वेळा होईल तेही बघा, दोन्ही कॅट पूर्ण पिसलेले असतील तर १६९ मध्ये एकदा, दोघं एकाच कॅटमधून ओढत असतील तर २२१ मध्ये एकदा. इतक्या क्वचित येणाऱ्या गोष्टीला दोन मिनिटं गेली तरी चालतील. मात्र उद्या गुलाम, राणी, राजा पण क्रिटिकल केलेस तर साधारण दर अकराव्या वेळी हीच वेळ येईल, तेव्हा मात्र रंगाचा झटपट नियमच बरा. आणि वापरलेले पत्ते लगेच परत पिसता का? नसाल तर एक्के मोजणारे खेळाडू शेवटचे पत्ते बघून डाव ठरवतील, मला तरी ते आवडतं.

किलवरगुलाम:
कॅट संपेपर्यंत पिसत नाही. ढालीचं एकदम पटलं, नियमात तसंच लिहितो. पण दोघंही हल्लाच करत असतील तर?

कथेकरी:
मग अडचणच नाही, दोघांनाही लागतं.